ओतीव की घडीव

मेस्त्रींच्या दुकानात गिऱ्हाइकाला चहा मिळत नसे, करावा लागत असे. मुरबाडच्या बाजारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्यावर ना पाटी ना नंबर. आत शिरून तुम्ही इंजिनाचं दुखणं सांगायला तोंड उघडलंत की हातातला पाना खाली न ठेवता ते कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे हनुवटीने खूण करत. "च्या ठेवा," म्हणत आणि पुन्हा कामात मान घालत. मोटारीतून आलेला शेठ असो की दुधाचे कॅन लावून आलेला गवळी, सगळ्यांना तोच हुकूम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, बाईमाणूस दिसली म्हणून चाललंय हे. माझा स्वभाव मुळात तापट. "मी इथे चहा करायला आलेले नाही," मी म्हणाले.

"नका करू मंग," ते म्हणाले. "पन तुमी कोन हाय ते मला कळायचं कसं?"

मी रागारागाने स्टोव्ह पेटवला, आणि कडेला बुडबुडे आले न आले तोच पातेलं उतरवून कप भरले. मेस्त्रींनी कपात डोकावून बघितलं, तो फिक्कट चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "घाईच्या हायत." झालं, निकाल लागला. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या लेखी माझी ओळख एवढीच होती.

ही परीक्षा असते हे मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. चहा दोनदा वर येऊ देणारा माणूस वेगळा, आणि बुडबुडे बघून ओतणारा वेगळा. कुठलंही इंजिन दुकानात आलं की मेस्त्रींचा पहिला प्रश्न "काय झालं?" हा नसायचाच. "चालवनार कोन?" असं विचारायचे. इंजिनाच्या आत वरखाली पळणारा जो ॲल्युमिनियमचा पिस्टन असतो, तो कुठल्या जातीचा घालायचा हे ते गाडी बघून ठरवत नसत, माणूस बघून ठरवत. तानसाकडून एक तरुण शौकीन आपली जुनी मोटरसायकल घेऊन आला होता, त्याला शर्यतीवाला पिस्टन हवा होता. मेस्त्रींनी त्याला तीन वेळा चहा करायला लावला. तिन्ही वेळा त्याने घाई केली. शेवटी "तुला नाय बसवनार" म्हणून गाडी तशीच परत पाठवली. गिऱ्हाईक गेल्याचं दुःख नाही, उलट दिवसभर खुशीत होते.

आता मी कोण ते सांगते. मी आरोग्य उपकेंद्राची नर्स. घर शहापूर तालुक्यात किन्हवलीला, आणि नोकरी मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या बाजूच्या एका गावात; मुक्कामही तिथेच, उपकेंद्राच्या खोलीत. डांबरी रस्ता संपतो तिथून ते गाव सहा किलोमीटर आत. गावातून निघताना आधी एक खडा चढ, मग खिंड, आणि खिंडीपासून खाली डांबरापर्यंत सगळा उतार. अँब्युलन्स डांबर संपतं तिथे उभी राहते. आजाऱ्याला तिथवर आणायचं ते झोळीतून, बांबूला घोंगडी बांधून. माणसं धडधाकट असली तर दीड तास. पावसात त्याहून जास्त.

त्या गावाला एक दिवस रेडा मिळाला. रेडा म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलीसारखं हँडल असलेली गाडी. शहरातले लोक तिला एटीव्ही म्हणतात आणि सुट्टीच्या दिवशी चिखलातून फिरवून मजा करतात. शहापूरच्या बाजूला एका शेठचा असल्या गाड्या फिरवायचा धंदा होता, तो त्याने बंद केला. मी कुणाकुणाच्या ओळखीने त्याच्यापर्यंत पोचले, डोकं खाल्लं, आणि एक जुनी टू-स्ट्रोक गाडी गावासाठी मिळवली. काळी, बुटकी, पुढे दिव्यांची शिंगं. गावाने बघितल्याबरोबर नाव ठेवलं. मागच्या लोखंडी कॅरियरवर आम्ही लाकडी फळी बसवली, टेकायला पाठ केली, बांधायला दोरी. दीड तासाची वाट पंचवीस मिनिटांवर आली. चालवायला गावचे पोलीस पाटील. चाळिशीचा, कमी बोलणारा, अतिशय जबाबदार माणूस.

आणि मग तो दिवस आला. पहिलटकरीण होती, मूल आडवं. मी तिला फळीवर घेऊन बसले, पाटील चालवत होते. खिंड ओलांडून निम्मा उतार उतरलो आणि रेड्याने एक चिरका आवाज काढला. मागची चाकं जागच्या जागी धरली गेली, गाडी घसरत दगडाला टेकली. इंजिन सीज, म्हणजे आतून घट्ट अडकलेलं. किक खाली जाईना. गावातून झोळी यायला वेळ गेला, खाली उतरायला वेळ गेला. आई वाचली. मूल अँब्युलन्समध्ये झालं आणि रडलं नाही. मी बावीस वर्षं ह्या नोकरीत आहे, असलं बघितलेलं आहे. तरी त्यानंतर कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

ते इंजिन पिकअपमध्ये टाकून मी आणि पाटील मेस्त्रींकडे गेलो, तीच ती चहाची भेट. मेस्त्रींनी इंजिन उघडलं, पिस्टन बाहेर काढला आणि उजेडाकडे धरून बोटाने फिरवत बसले. एका बाजूला तो ओरबाडल्यासारखा झाला होता. मग ते पाटलांकडे न बघताच म्हणाले, "उतारावर पेट्रोल कोन वाचवीत व्हता?"

पाटलांचा चेहरा पडला. गावात पेट्रोल येतं ते पाच लिटरच्या कॅनमधून, खांद्यावर, सहा किलोमीटर चढून. तिथे थेंब वाया घालवणं कुणाच्या हातूनच होत नाही. पाटील खिंडीतून खाली येताना गिअर तसाच ठेवून हातातला एक्सलेटर पूर्ण बंद करायचे, गाडी आपली उतारावर पळतेच आहे म्हणून. मेस्त्रींनी समजावून सांगितलं, आवाज न चढवता. ह्या जातीच्या इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल बंद केलं की तेलही बंद. चाकं तर इंजिनाला फिरवतच राहतात, मग ते कोरडंच घासतं. "उतारावर मधनं मधनं पाजायचं त्याला. जरा पीळ द्यायचा, सोडायचा. तानलेलं उतरवायचं नाय," ते म्हणाले. पाटील उठून बाहेर गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांच्यावर ओरडायचं माझ्या मनात होतं, ते तिथेच राहिलं.

त्यांच्या जागी कुणीही असतं तरी तसंच केलं असतं, हे मला कळत होतं. पण मला कुणाला तरी दोष द्यायचा होता. माणसाला देता येईना म्हणून मी तो पिस्टनला दिला.

पिस्टन दोन जातींचे. एक ओतीव, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतलेला. दुसरा घडीव, म्हणजे धातूचा गठ्ठा प्रचंड दाबाखाली ठोकून घडवलेला. शेठला मी फोनवर सगळं सांगितलं तर तो हळहळला आणि म्हणाला, घडीव टाका, शर्यतवाले तोच टाकतात, तो तुटत नाही. मुंबईहून त्याने तो पाठवूनही दिला, सुंदर खोक्यात, मऊ कागदात गुंडाळलेला. हातात घेतला तर चांदीच्या भांड्यासारखा. 'तुटत नाही' हे दोनच शब्द माझ्या डोक्यात बसले होते. मी तो मेस्त्रींपुढे ठेवला.

मेस्त्रींनी खोकं उघडलंसुद्धा नाही. "हा तुमच्या गावाचा नाय," ते म्हणाले.

"का? मजबूत आहे ना?"

"मजबूत हाय म्हनून तर. बाई, ओतीव फुटतो, कबूल. पन तापला तरी आपल्या मापात ऱ्हातो. त्याच्या भवती अर्ध्या केसाची जागा ठेवली की झालं, किक मारली की काम सुरू. हा घडीव तापला की फुगतो. त्याला अख्ख्या केसाची जागा ठेवाय लागते. थंड असताना तो आत सैल असतो, टकटक टकटक वाजतो. तापला, फुगला, जागेवर बसला, की वाजायचा बंद. तवा गाडी हलवायची. आधी जोर लावलात तर पिस्टन तापतो आनि भवतीचं नळकांडं थंडच, मंग हा आत अडकून बसतो. तुमच्या गावाला टाइम हाय का थांबायला? दारात बाई कन्हतेय, आनि तुमी पाच मिनिटं आवाज ऐकत बसनार?"

"बसेन," मी म्हणाले.

"च्या उकळंस्तोवर नाय बसलात."

हे मला लागलं. मी ते खोकं उचललं आणि म्हणाले, मी कल्याणला जाते, तिथे बसवून देतील. दारापर्यंत गेले होते. मागून त्यांचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखा. "तिथला मानूस घडीव घेईल आनि ओतीवच्या मापानं बसवंल. पहिल्याच चढाला मरशाल. आना इकडं."

म्हणजे माझं पटलं म्हणून नव्हे, दुसरा कुणी चुकीचं करील म्हणून त्यांनी ते काम घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी जिंकले होते.

त्यांची कामाची पद्धत बघून माझा जीव मेटाकुटीला यायचा. पिस्टन आला की लगेच माप घेत नसत. नळकांडं आणि पिस्टन एका चटईवर शेजारी शेजारी ठेवत, वर जुनं दुपटं पांघरत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आत माप घेत. एक माझ्या पिशवीतून ऊन खाऊन आलेला, दुसरा फरशीवर गारठलेला, असं असताना घेतलेलं माप खोटं, असं त्यांचं म्हणणं. माप घेताना दुकानात बोलायला बंदी. बायकोने हाक मारली तरी उत्तर नाही. "माजा सासरा वारला तवाबी ह्यांनी माप पुरं करून मंगच मान वर केली," त्या मला म्हणाल्या होत्या. तक्रार होती की कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माणसांनाही ते ह्याच मापाने मोजत. जावई ओतीव, "रोजच्याला बरा, पडला तर फुटंल." बायको ओतीव, पण त्यांच्या मते फार चांगल्या साच्यातली. आणि तुम्ही, असं विचारलं तर छाती पुढे काढून, "मी घडीव. तापायला टाइम लागतो." मी कोण, हे मी विचारलं नाही.

रेडा तयार झाला तेव्हा त्यांनी तीन अटी घातल्या. चावी माझ्याकडेच राहील. किक मारल्यावर टकटक थांबेपर्यंत गाडी इंचभर हलणार नाही. आणि महिन्यातून एकदा ते स्वतः गावात येऊन सकाळची पहिली किक ऐकतील, कारण रात्रभर गारठलेलं इंजिन जे सांगतं ते दिवसा सांगत नाही. त्यांचं वय साठीच्या पुढचं. मी म्हटलं, सहा किलोमीटर चालणार का? "तुमी आनलात घडीव, मंग चालाय नको?" ते म्हणाले.

आणि ते खरंच येत. पहाटेच अंधारात निघून, माकडटोपी घालून, काठी टेकत, उजाडता उजाडता गावात. उपकेंद्राच्या पायरीवर बसायचे, पाटील किक मारायचे, मेस्त्री डोळे मिटून ऐकायचे. आवाज थांबला की बोट वर करायचे. मग गावातल्या बायका त्यांना भाकरी आणि वालाची भाजी वाढायच्या. गावात त्यांचा मान माझ्यापेक्षा जास्त झाला, ह्याचा मला थोडा राग होता, लपवत कशाला. त्या वर्षात रेड्याने नऊ माणसं खाली नेली. साप चावलेला एक, बाळंतिणी, झाडावरून पडलेला एक. दर वेळी मी उभी राहून टकटक ऐकली. दर वेळी नातेवाईक माझ्या अंगावर धावून आले. दर वेळी मी थांबले, आणि दर वेळी मनात म्हटलं, मेस्त्री म्हणत होते ते बरोबर होतं. त्यांना मात्र हे कधी बोलून दाखवलं नाही.

माघातली गोष्ट. थंडी कडक होती, पेंढ्यावर दव पांढरं दिसत होतं. मेस्त्री आले तेव्हा मी दात घासत होते. ते पायरीवर बसले, टोपी काढली, आणि मला दिसलं की कपाळावरून घाम निथळतोय. त्या थंडीत.

"पित्त झालंय," ते म्हणाले. "रातच्याला वांगं खाल्लं."

डावा हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता, की तो जणू दुसऱ्या कुणाचा आहे. ओठ राखाडी. मी नाडी धरली आणि पाटलांना हाक मारली. एका माणसाला टेकडीवर पिटाळलं, तिथेच काय तो मोबाइलला टॉवर मिळतो, अँब्युलन्सला फोन करायला. पाटलांनी रेडा बाहेर काढून किक मारली. मी मेस्त्रींना रक्त पातळ करणारी एक गोळी चघळायला दिली, दोघांनी धरून फळीवर बसवलं, दोरी बांधली. पाटील त्यांच्या मागे उभे राहून त्यांना छातीशी धरून होते. ह्या सगळ्याला दोन मिनिटं गेली असतील. म्हणून हँडल धरून मी बसले; चालवायला मी वर्षभरात शिकले होते.

टकटक टकटक टकटक.

गावातून निघाल्याबरोबर चढ होता. तीन माणसांचं ओझं घेऊन थंड इंजिन त्या चढाला लावलं आणि ते अडकलं, तर पुन्हा झोळी, पुन्हा दीड तास. मेस्त्रींजवळ दीड तास नव्हता, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. आणि इथे थांबून राहिलं तर छातीतलं दुखणं कुठे थांबणार होतं? दोन्हीकडून माणूस जात होता. माझ्या मनगटावर नर्सचं घड्याळ, सेकंदकाट्याचं. मी त्याच्याकडे बघत होते आणि इंजिनाला कान लावून होते.

"अजून नाय," मेस्त्री मागून म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा.

एक मिनिट गेलं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी "बाई, न्या की त्यांना," म्हणालं. टकटक चालूच.

मग मेस्त्री कण्हले. आणि म्हणाले, "गेला आवाज. चला."

आवाज गेला नव्हता. मी ऐकत होते.

"नाही गेला, मेस्त्री."

"गेला. मी सांगतो ना गेला. मला शिकवनार का तुमी? चला बाई."

"नाही गेला."

"माजा पिस्टन हाय तो, माजं माप हाय," ते म्हणाले, आणि मग असं काही बोलले जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आईवरून बोलले. पाटील म्हणाले, "बाई, आता मेस्त्रीच बोलतात तर." मी म्हणाले, "पाटील, गप बसा." मी हँडल आणखी घट्ट धरलं. मला तो पिस्टन उपसून दरीत फेकावासा वाटत होता. हा मी आणला होता. ह्याच्यासाठी हा म्हातारा महिन्याच्या महिन्याला डोंगर चढत होता, आजही चढला होता, आणि आता ह्याच्याच पायी त्याला धरून बसवला होता. मेस्त्रींचं बोलणं थांबलं. नुसता श्वास ऐकू येत होता, तोकडा. मग मेस्त्री रडवेल्या आवाजात म्हणाले, "बाई, चला ना."

मी गेले नाही. घड्याळात बघितलं, चार मिनिटं झाली होती, आणि टकटक विरळ झाली, बुडाली, आणि उरला तो नुसता सपाट आवाज. मी गिअर टाकला.

चढ रेड्याने एका दमात काढला. खिंडीतून खाली उतरताना मी दर वळणाला एक्सलेटरला पीळ देत होते, सोडत होते, पाजत होते. अँब्युलन्स उभी होती. मुरबाडला इंजेक्शन, पुढे कल्याणला मोठं इस्पितळ, अँजिओ. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत.

गावाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, सरपंचांचं भाषण. बाईंनी कसं डोकं थंड ठेवलं, प्रत्यक्ष मेस्त्री चला म्हणत असताना कशा थांबल्या, हे पाटलांनी इतक्या ठिकाणी सांगितलं की किन्हवलीच्या एसटी स्टँडवर कंडक्टरनेही मला विचारलं. मला त्यातलं काही गोड लागत नव्हतं, कारण मेस्त्री माझ्याशी बोलत नव्हते. मी घरी भेटायला गेले तर ते भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्यांदा गेले तर उठून परसात गेले. त्यांच्या बायको मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. "तुजं नाव काढलं की गप व्हतात गो बाय," त्या म्हणाल्या. "मीच म्हनते, तिनं जीव वाचवला तुमचा. तर म्हनतात, ठावं हाय मला."

पुढचा महिनाभर रेडा झाकून ठेवला होता, ती टकटक पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. कुणाला न्यायचं झालं तर मी झोळी करायला लावत होते. दीड तास खांदा देऊन आल्यावर पाटील माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे ते मला समजत होतं. हे फार दिवस चालणार नव्हतं. तेवढ्यात मेस्त्रींचा निरोप आला. रेडा पाठवा, ओतीव बसवतो. घडीवसाठी नळकांडं रुंद केलेलं होतं, म्हणून ते आणखी घासून पुढच्या मापाचा ओतीव त्यांनी आणून ठेवला होता. काम त्यांनी बसल्या बसल्या केलं, आठ दिवस लावले, हातात पूर्वीची ताकद नव्हती. रेडा पिकअपमधून परत आला तेव्हा बायकोचं न ऐकता ते स्वतः पिकअपमध्ये बसून आले, डांबर संपतं तिथवर. वर चढायला डॉक्टरांची मनाई होती.

आम्ही रेडा खाली उतरवला. पिकअपवाला पाणी आणायला गेला. मेस्त्री रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते, अंगात कपडे ढगळ झालेले. मी समोर उभी.

"तुमी बरोबर केलात," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर मीबी तेच केलं असतं. तेच शिकवलंय मी. समद्यांना सांगतो मी, बाई थांबली म्हनून मी हाय."

मी म्हणाले, "मग बोलत का नाही माझ्याशी?"

त्यांनी मान वर केली. "मी मराय लागलो व्हतो, बाई. मला भ्या वाटत व्हतं. मी तुमच्याकडं बघत व्हतो, आनि तुमी माज्याकडं एकदाबी बघितलं नाय. मशीनकडं बघत व्हतात. डोक्याला कळतं, पन ते मनातून जात नाय माज्या."

मी ह्या माणसाची माफी मागायची म्हणून इतके दिवस शब्द जुळवत होते, त्यातला एकही आता उपयोगाचा नव्हता. मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले आणि खरं होतं ते सांगितलं.

"मागे वळून तुमचं तोंड बघितलं असतं ना मेस्त्री, तर मला थांबता आलं नसतं. मी निघाले असते. म्हणून नाही बघितलं."

त्यांनी हाताच्या तळव्याने दोनदा तोंड पुसलं. मग म्हणाले, "हां. मंग बरोबर हाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरोबर हाय ते."

मी किक मारली. रेडा पहिल्याच किकेला सुरू झाला, आत कसलाही आवाज नाही.

"जा आता," मेस्त्री म्हणाले. "ह्याला थांबाय लागत नाय."

मी गिअर टाकला, आणि निघण्याआधी मान वळवून त्यांच्याकडे नीट बघितलं. गाल बसले होते, दाढी पांढरी वाढली होती. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. डोळे मिटून ते इंजिन ऐकत होते.